स्पर्श, ध्वनी आणि डिझाइनचे अध्यापन : यंत्रमागाच्या संदर्भात एक चिकित्सा

स्पर्श व ध्वनी यांवर आधारलेले संवादी अनुभव घडविण्यास डिझाइनच्या विद्यार्थ्यांना शिकविताना या दोन्ही संवेदनांना बहुधा दृश्याची पुरवणी मानले जाते. पडद्यावरील बटणाला आवाज जोडला, फोनला कंप दिला, की पाठ संपतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या क्रमालाच आहे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. डिझाइनच्या शाळेत ध्वनीला स्वतंत्र स्थान देणारा तो मोलाचा प्रयोग होता. मात्र त्याची फलश्रुती मुख्यतः ध्वनिफितींत झाली; श्रोत्याच्या कृतीने फितीवरील ध्वनी बदलत नाही. याउलट २००८ साली स्वागत थोरात यांनी सुरू केलेल्या ‘स्पर्शज्ञान’ या ब्रेल पाक्षिकाचा वाचक बोट सरकवतो तेव्हाच मजकूर उलगडतो. स्पर्श ही कृती आहे, हे शिकविण्यास सहा टिंबे पुरेशी आहेत.

भिवंडीत तर हा पाठ कारखान्याकारखान्यात आहे. साध्या यंत्रमागावर बाण्याचा धागा जागेवर आहे की नाही, हे एक लहानसा काटा चाचपतो. धागा न लागल्यास माग थांबतो. एकाच वेळी अनेक माग सांभाळणाऱ्या कारागिराला खडखडाटातला एक ठेका गळाल्याचे जाणवते आणि तो तिकडे वळतो. यंत्राला स्पर्शाने कळते, माणसाला आवाज थांबल्याने. याहून नेमका संवाद कोणत्या प्रयोगशाळेत दाखवावा?

परंतु हाच खडखडाट ध्वनिमुद्रित करून ‘भिवंडीचे संगीत’ म्हणून प्रदर्शनात वाजविणे हा, स्पष्टच म्हणायचे तर, उद्धटपणा आहे. मागखात्यातील आवाज अनेकदा ९० डेसिबलच्या पुढे जातो. वर्षानुवर्षे तो सोसणाऱ्याची श्रवणशक्ती कायमची उणावते. कानात बोळे घालावेत, तर मागाचा इशारा मंदावतो. विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा प्रश्न हा आहे : कान जपूनही कोणता माग थांबला हे कारागिराला कसे कळावे? जमीन आधीच हादरत असते, तेथे पायाखालचा कंप हरवेल. मनगटावरचा कंप चालेल काय? की हात धाग्यात गुंतलेला असताना तोही अडचणच होईल?

याचे उत्तर वातानुकूलित स्टुडिओत तपासता येणार नाही. नमुना मागखात्यात, पाळी चालू असताना आणि कारागिराच्या संमतीने वापरून पाहावा, आणि गुण देणाऱ्या परीक्षकांत तो कारागीरही असावा. सध्या बहुतेक ठिकाणी अशा प्रकल्पांचे मूल्यमापन स्लाइडांवरील छायाचित्रे पाहून होते.