‘बेइमान’ : शब्दाचा अर्थ आणि उगम

‘बेइमान’ आणि ‘अप्रामाणिक’ हे शब्द आपण समानार्थी म्हणून शिकतो व शिकवितो. व्यवहारात ते चालून जाते. परंतु दोन्ही शब्दांची कुळे तपासली असता हे समीकरण सदोष असल्याचे लक्षात येते.

‘प्रामाणिक’ हा संस्कृत शब्द ‘प्रमाण’ यापासून झाला. ‘पुराव्याला धरून असलेला’ हा त्याचा मूळ अर्थ. हिंदीत आजही तो ‘अधिकृत’, ‘विश्वसनीय’ या अर्थाने येतो. सचोटीचा अर्थ मराठीने त्याला दिला.

‘इमान’ हा मूळ अरबी ‘ईमान’. अलिफ-मीम-नून ही त्याची धातुअक्षरे. अमन म्हणजे निर्भयता, अमानत म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव, अमीन म्हणजे विश्वासू, मोमिन म्हणजे श्रद्धावान. हे सारे एकाच घरातले. त्याला फारसी ‘बे’ हा उपसर्ग लागून ‘बेइमान’ झाला. हा उपसर्ग मराठीत इतका मुरला की ‘बेचव’, ‘बेसूर’ असे शब्दही त्यातून घडले.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘इमान’ मराठीतून गेले नाही. पुढे बडोद्यात जन्मलेल्या माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध करून हे ऋण नोंदविले.

मराठीत मात्र ‘इमान’ श्रद्धेकडून निष्ठेकडे वळले. ‘इमानेइतबारे चाकरी केली’, ‘कुत्रा इमानी असतो’ या प्रयोगांत धर्माचा संबंध नाही. खाल्ल्या मिठाला जागणे एवढाच भाव आहे. हिशेबात चार पैसे मारणारा अप्रामाणिक ठरतो. ज्याने विश्वास टाकला त्याच्यावर उलटणारा बेइमान ठरतो. पहिल्यात पुरावा खोटा पडतो, दुसऱ्यात नाते तुटते. कोशांनी हा भेद स्पष्ट नोंदवावयास हवा.

याला आणखी एक बाजू आहे. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाच्या कानावर हा शब्द पडतो तेव्हा त्याला निष्ठेबरोबर श्रद्धाही नाकारल्यासारखे वाटते. बोलणाऱ्याच्या मनात एक आरोप असतो, ऐकणाऱ्यापर्यंत दोन पोहोचतात. शिवाय अप्रामाणिकपणाला निदान पुरावा मागता येतो. बेइमानीचा शिक्का बहुधा पुराव्यावाचूनच मारला जातो, आणि तोही कधी एका माणसावर न थांबता अख्ख्या जमातीवर.

ज्या शब्दाच्या मुळाशी ‘अमन’ आहे, तो उच्चारण्यापूर्वी आपण समोरच्याची अमानत राखतो आहोत काय, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.