चकवा हवा, फसवणूक नको

महाभारत लिहून घेण्यास गणपती बसला तेव्हा लेखणी थांबू न देण्याची अट त्याने घातली आणि अर्थ कळल्याखेरीज लिहू नये अशी उलट अट व्यासांनी घातली, ही कथा सर्वश्रुत आहे. उसंत हवी असली की व्यास एखादा कूटश्लोक घालीत आणि गणपती क्षणभर अडे. परंपरा अशा श्लोकांची संख्या ८,८०० सांगते. संख्येचे राहू द्या. या कथेतून कुटाचे मर्म कळते ते असे की, त्याचे काम वाचणाऱ्याला थांबवून प्रत्येक शब्द दुसऱ्यांदा वाचायला लावणे हे आहे. हा निकष लावला तर मराठी नियतकालिकांतील बहुसंख्य शब्दकोडी आम्हांला उणी वाटतात.

उदाहरणच घेऊ. ‘समुद्र (३)’ असा संकेत आणि पुढे तीन चौकोन. उत्तर सागर की अर्णव? उदधी की जलधी? चारही शब्द तीन अक्षरांचे, चारही बिनचूक. कोडे सोडवणाऱ्याने उभ्या शब्दांची वाट पाहत बसायचे. येथे परीक्षा होते ती पाठांतराची. आता हाच संकेत असा केला तर? ‘कसा गरजतो पोटात समुद्र! (३)’ ‘कसा गरजतो’ या दोन शब्दांच्या पोटात ओळीने ‘सागर’ ही तीन अक्षरे बसलेली आहेत. अर्णवाला आता वाव नाही. कूट संकेत अवघड आणि सरळ संकेत सोपा, असा समज आहे. आमचे म्हणणे उलट आहे. कूट संकेत अधिक न्याय्य असतो, कारण उत्तर बरोबर असल्याचा पुरावा तो स्वतःच देतो.

इंग्रजीत हा विचार पुष्कळ झाला आहे. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आले, ते सरळ अर्थांचेच होते. १९२६पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने कूट संकेतांची कोडी येऊ लागली. त्यांच्यामागून आलेल्या ‘झिमेनीझ’ यांनी १९६६च्या आपल्या पुस्तकात या कलेचे नियम मांडले. त्यांचे सार असे: संकेतात उत्तराचा अर्थ असावा, उत्तराची घडण असावी आणि तिसरा फाजील शब्द नसावा. आमच्या भाषेत सांगायचे तर वाचकाला चकवावे, फसवू नये.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. ज्ञानदेवांच्या नावावरील कूट अभंग आणि नाथांची भारुडे वरवर विपरीत बोलून आतला अर्थ सुचवतात. मात्र त्या अर्थाची किल्ली बहुधा संप्रदायाच्या हाती असते. पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांनी ओठास ओठ न लागू देणारे ‘निरोष्ठ रामायण’ रचले. त्या कसरतीला आमचा नमस्कार. पण तेथे श्रमतो तो कवी, रसिक पाहत राहतो. कोड्यात श्रमावे वाचकाने, आणि किल्ली त्याच ओळीत ठेवलेली असावी.

मराठीला हे साधणार नाही, असा आक्षेप येतो. आपला चौकोन वर्णाचा नाही, अक्षराचा आहे; मात्रा, काना, वेलांटी अक्षराला चिकटून हलतात. शिवाय विभक्ती लागताच शब्दाचे सामान्यरूप होते. आक्षेप खरा, निष्कर्ष खोटा. ‘काम उलटे केले तरी शेतात पिकते (२)’: ‘काम’ उलट वाचा, मका हाती येतो. ‘विकता गोंधळ उडाला, हाती काव्य उरले (३)’: ‘विकता’ची अक्षरे विस्कटली की कविता होते. विभक्ती तर अडचण नसून भांडवल आहे. ‘नवरदेवाच्या आत मिरवणूक (३)’: वर या शब्दाची सप्तमी वरात. इंग्रजीला ही सोय नाही.

फसवणूक कशी होते, तेही सांगितले पाहिजे. ‘गरीब परतला ती वेदगंगा (२)’: दीन उलटून नदी. घडण निर्दोष आहे. पण वेदगंगा हे नदीचे उदाहरण झाले, अर्थ नव्हे. ‘वेदगंगेसारखी’ म्हटले असते तर तक्रारीला जागा नव्हती. एका ‘सारखी’ने चकवा आणि फसवणूक वेगळी होतात.

आता आमच्या भागाकडे येऊ. ‘पाण्याविना तंबाखूचे गाव (३)’ हा संकेत येथील शाळकरी मूलही सोडवील. निनावी, निकामी यांतला अभावाचा ‘नि’ आणि पुढे पाणी. निपाणीच्या नावाची ही व्युत्पत्ती खरी की लोकांनी रचलेली, याच्याशी कोड्याला कर्तव्य नाही. बेळगावचे नाव मात्र कोडेकाराला पेचात टाकते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शासनदरबारी ते ‘बेळगावी’ झाले. चौकोन दोन्ही नावांना चारच, पहिली तीन अक्षरेही तीच. फरक शेवटच्या चौकोनात, ‘व’ की ‘वी’ एवढाच. आडवा शब्द कसाही निभावतो. त्या चौकोनातून खाली ‘वरात’ उतरायची असेल, तर मात्र वरातीचे घोडे तेथेच अडते.

शेवटी आणखी एक संकेत: ‘शेजाऱ्याचे गाव, आमची छाती (२)’. उत्तर आहे ऊर. गावच्या उत्सवाला कानडीत ‘ऊर हब्ब’ म्हणतात, आणि मराठीत ऊर भरून येतो. पुण्याच्या वाचकापुढे हा संकेत ठेवला तर ती फसवणूक ठरेल, कारण अर्धी किल्ली त्याच्याजवळ नाही. आमच्या वाड्यांत, जेथे पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी आणि बाजारात कानडी चालत आली, तेथे तो निव्वळ चकवा आहे. संकेत न्याय्य की अन्याय्य, हे अखेर वाचकांच्या सामाईक भाषेवर ठरते.

म्हणूनच आम्हांला काळजी वाटते. आमच्या नातवंडांपुढे हा संकेत ठेवला तर अनेकांना दोन्ही बाजू परक्या वाटतात. मराठी ‘छाती’पाशी थांबली, ऊर मागे राहिला, कानडी शाळेच्या पुस्तकापुरती उरली. भाषा टिकवण्याचे ठराव आपण पुष्कळ केले, ते करावेतच. पण जेवणानंतर पाटीवर दोन चौकोन आखून नातवाला ‘ओळख पाहू’ म्हणणे, हेही त्याच कामातले आहे. तो अडला तर उत्तर लगेच सांगू नये. गणपतीसुद्धा अडत असे.