दोष कोणाचा? : ‘द हँडमेड्स टेल’मधील एक प्रसंग

मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीची चर्चा बहुधा लाल झगे आणि सक्तीचे मातृत्व यांपाशी थांबते. मला त्यातला एक छोटा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. गिलियड राजवटीच्या प्रशिक्षण केंद्रात जनीन चौदाव्या वर्षी आपल्यावर झालेला सामूहिक बलात्कार सर्वांसमोर सांगते. दोष कोणाचा, असे तिथली ‘आंट’ विचारते आणि जमलेल्या स्त्रिया एका सुरात जनीनलाच दोषी ठरवतात. ती रडते, तर तिला रडूबाई म्हणून हिणवतात. पुढच्या आठवड्यात ती हिणवण्याची वाट न पाहता दोष स्वतःकडे घेते आणि शाबासकी मिळवते.

निवेदिका ऑफ्रेड कबूल करते, की ते हिणवणे मनापासून होते. वास्तविक त्या साऱ्याच बंदिवान. पण तिचे चुकले म्हणून तिच्यावर आले, असे मानले की आपले चुकणार नाही तोवर आपण सुरक्षित, हा दिलासा मिळतो. आपल्या ओट्यावरच्या गप्पांतही हाच दिलासा असतो.

इतिहासात कुठे ना कुठे घडले नाही असे काहीही आपण या कादंबरीत घातले नाही, असे अ‍ॅटवुड सांगत आल्या आहेत. म्हणूनच ‘भविष्यातील दुःस्वप्न’ हे लेबल मला फसवे वाटते. महाराष्ट्रात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला घ्या. सत्र न्यायालयाने तिच्या शरीरसंबंधांच्या सवयीवर बोट ठेवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. अंगावर जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती! इथे जनीनसारखा कबुलीजबाबही लागला नाही. चार कायदा-प्राध्यापकांनी १९७९ साली खुले पत्र लिहिले, आंदोलन झाले, १९८३ साली कायदा बदलला. तरी पीडितेचे ‘चारित्र्य’ उकरण्याची मुभा देणारे पुराव्याच्या कायद्यातले कलम पुढे जवळजवळ दोन दशके टिकलेच.

‘बलात्काऱ्याला भर चौकात फाशी द्या’ म्हणणारे आणि ‘ती रात्री तिथे काय करत होती’ विचारणारे वेगळे असतात, असे आपण गृहीत धरतो. गिलियडमध्ये ते एकच आहेत. तीच राजवट एका माणसाला बलात्कारी म्हणून हँडमेड्सच्या हाती देते आणि त्या त्याला ठार मारतात. तो खरे तर राजकीय विरोधक असतो. त्या गर्दीतून जनीन बाहेर येते तेव्हा तिच्या मुठीत त्याच्या केसांचा पुंजका असतो.