सशुल्क नटसूची आणि होतकरू नट : एक अर्थविचार

नाट्यचित्रपटव्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणाने पैसे भरून आपले नाव एखाद्या नटसूचीत नोंदवावे की नाही, हा प्रश्न वरकरणी निव्वळ व्यवहाराचा वाटतो. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तथापि लंडनमध्ये या प्रश्नावरून अलीकडेच जो न्यायालयीन वाद झाला, तो एका व्याख्येतील पदांच्या अर्थाभोवतीच फिरला. शिवाय नटसूची हा एक ग्रंथप्रकारही आहे. कोशाप्रमाणे तिच्यात नोंदी असतात, नोंदींचे घटक ठरलेले असतात आणि त्या घटकांची परिभाषा बोलणाऱ्याने नव्हे, तर सूचीकाराने ठरविलेली असते. या प्रकाराची चिकित्सा केल्यावाचून त्याच्या उपयुक्ततेविषयी बोलणे म्हणजे ग्रंथ न उघडता त्याच्या किमतीवर वाद घालण्यासारखे होईल.

या प्रकारातील सर्वांत जुने व प्रतिष्ठित उदाहरण इंग्लंडातील ‘स्पॉटलाइट’ या सूचीचे आहे. तिचा आरंभ १९२७ मध्ये झाला. नटाचे छायाचित्र, नाव आणि संपर्काचा पत्ता असे तिचे मूळ स्वरूप होते. प्रमुख भूमिका करणारे, तरुण नायक-नायिका, स्वभावचित्रणाच्या भूमिका करणारे असे तिच्यात वर्ग असत. ज्याची ऐपत असेल त्याने अर्ध्या पानाऐवजी पूर्ण पान घ्यावे, अशीही सोय होती. ही सोय सूचक आहे. कोशात एखाद्या शब्दाची नोंद लांबते ती त्याच्या अर्थच्छटा पुष्कळ असतात म्हणून. तेथे शब्द कोशकाराला पैसे देत नाही. नटसूचीत मात्र नोंदीची लांबीरुंदी नोंदविल्या जाणाऱ्याच्या खिशावर अवलंबून राहिली. म्हणजे आरंभापासूनच हा ग्रंथप्रकार सूची आणि जाहिरात यांच्या सीमेवर उभा आहे, आणि त्याच्याविषयीचे बहुतेक वाद या द्विधा स्वरूपातूनच निघाले आहेत. पुढे छापील खंड मागे पडले, सारी सूची संगणकावर गेली, आणि २०२१ मध्ये ती टॅलेंट सिस्टिम्स या अमेरिकन व्यवसायसमूहाकडे आली. नटाला वर्षाकाठी पडणारे शुल्क अलीकडे दोनशे पौंडांच्या आसपास असते.

या सूचीला आज जे महत्त्व आहे ते तिच्या गुणांमुळेच आले असे मानता येत नाही. ब्रिटिश नटांची संघटना ‘इक्विटी’ १९३० मध्ये स्थापन झाली आणि पुढे कित्येक दशके तिचे सदस्यत्वपत्र हाच व्यवसायाचा दरवाजा होता. सदस्य नसलेल्यास काम मिळणे दुरापास्त आणि काम केल्यावाचून सदस्य होणे अवघड, असा तो पेच त्या पिढीतील नटांना चांगलाच ठाऊक होता. १९८८ व १९९० च्या कायद्यांनी ही सक्ती संपविली. दरवाजा निघाला, परंतु दरवाजाची गरज काही संपली नाही. हजारो इच्छुकांतून निवड करावयाची असेल तर पात्रनियोजकाला कोठेतरी उंबरठा लागतोच, आणि तो उंबरठा हळूहळू सूचीकडे सरकला. एका गोष्टीचे मात्र येथे विस्मरण होऊ नये. इक्विटी ही नटांची स्वतःची संघटना होती आणि तिची वर्गणी त्यांच्याच हितासाठी खर्च होत असे. सूची ही खाजगी मालकीची वस्तू आहे.

इक्विटीने स्पॉटलाइटविरुद्ध न्यायालयात धाव घेतली ती याच मुद्द्यावर. १९७३ च्या ब्रिटिश कायद्यान्वये, काम मिळवून देण्याबद्दल काम शोधणाऱ्याकडून शुल्क घेण्यास रोजगार-संस्थांना सामान्यतः बंदी आहे. मनोरंजनक्षेत्राला अपवाद आहे, पण तोही मोकाट नाही. काम शोधणाऱ्याची माहिती प्रकाशनात समाविष्ट करण्याबद्दल संस्थेने घ्यावयाचे शुल्क त्या प्रकाशनाच्या निर्मितीच्या व प्रसाराच्या वाजवी खर्चापलीकडे जाऊ नये, असे २००३ च्या नियमांत म्हटले आहे. तेव्हा स्पॉटलाइट ही ‘रोजगार-संस्था’ ठरली तर तिचे शुल्क खर्चाला बांधले जाणार, आणि न ठरली तर ते बाजारभावाने ठरणार, असा हा सारा वाद होता. रोजगार-संस्थेची व्याख्या करताना कायदा म्हणतो की माहिती पुरवून असो वा अन्य मार्गाने असो, लोकांना काम शोधून देण्याच्या प्रयोजनाने सेवा पुरविण्याचा व्यवसाय म्हणजे रोजगार-संस्था. स्पॉटलाइट या अर्थाने रोजगार-संस्था नव्हे, असा निर्णय उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला.

न्यायालयीन निर्णयाची विधिदृष्ट्या चिकित्सा करणे हा येथील हेतू नाही. अर्थविचाराच्या दृष्टीने मात्र त्या व्याख्येतील ‘प्रयोजन’ हे पद लक्षणीय आहे. प्रयोजन कोणाचे? सूचीत नाव घालणाऱ्या तरुण नटाचे प्रयोजन एकच असते : काम मिळावे. सूची उघडणाऱ्या पात्रनियोजकाचे प्रयोजन मनुष्य सापडावा हे असते. सूचीकार म्हणतो की आपले प्रयोजन दोघांना एका जागी आणण्याइतकेच आहे. या तिन्ही वाक्यांत कर्ता निराळा असला तरी क्रिया एकच आहे. ज्या ग्रंथाचे लेखक आणि वाचक दोघेही एकाच हेतूने त्याच्याकडे येतात, त्याच्या प्रकाशकाचा हेतू तेवढा तटस्थ आहे असे म्हणणे भाषाव्यवहाराच्या साध्या जाणिवेला पटत नाही. विधीला पटू शकते. विधीची भाषा ही नेहमीच्या भाषेची एक मर्यादित बोली आहे हे मान्य करावेच लागते.

याहून अधिक उद्‌बोधक आहे ती प्रत्यक्ष नोंदीची भाषा. तिच्यात क्रियापद जवळजवळ नसतेच. उंची, डोळ्यांचा रंग, केसांची लांबी, कौशल्ये. सारी नामे आणि विशेषणे. ‘मी अमुक करतो’ असे नट कोठेही म्हणत नाही. तो ‘आहे’ तेवढा असतो. जन्मवर्षाच्या जागी ‘प्लेइंग एज’ नावाचा एक रकाना असतो, म्हणजे नट ज्या वयाचा भासू शकेल त्या वयाची मर्यादा. ही कल्पना मोठी चतुर आहे, कारण तिने वय ही वस्तुस्थिती न राहता दावा बनते. कौशल्यांपुढे ‘प्रवीण’, ‘अतिप्रवीण’ अशा पायऱ्या असतात आणि त्या नटानेच स्वतःला द्यावयाच्या असतात. घोड्यावर नीट बसता न येणाऱ्यानेही तेथे संयम पाळल्याचे उदाहरण विरळाच असावे.

उच्चारांचा रकाना तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा असा आहे. नटाला ज्या ज्या बोलींत इंग्रजी बोलता येते त्यांची नावे तेथे येतात, आणि ज्या उच्चारापुढे तारका असेल तो त्याचा जन्मजात उच्चार समजावयाचा. भारतीय वंशाच्या ब्रिटिश नटांच्या परिचयांत ‘भारतीय’ ही एकच नोंद पुष्कळदा आढळते. वस्तुतः असा उच्चार कोठेच अस्तित्वात नाही. पुण्याच्या मराठी भाषकाचे इंग्रजी, मदुराईच्या तमिळ भाषकाचे इंग्रजी आणि लुधियान्याच्या पंजाबी भाषकाचे इंग्रजी यांत स्वरांची लांबी, आघात, व्यंजनांची स्थाने, वाक्याचा चढउतार यांपैकी फारच थोडे समान आहे. तरीही सूचीच्या वाचकाला ज्या भेदांची गरज नाही ते भेद सूचीत टिकत नाहीत. लेस्टरमध्ये वाढलेल्या मराठी कुटुंबातील तरुणीने तारका कोठे लावावी? तिचा जन्मजात उच्चार मध्य इंग्लंडातील शहरी आहे. परंतु तिला जी भूमिका देऊ केली जाते तिच्यासाठी ‘भारतीय’ उच्चार हवा असतो, आणि तो तिला शिकून घ्यावा लागतो. ती शुल्क भरून विकत घेते ते स्वतःचे वर्णन नव्हे, तर दुसऱ्याच्या अपेक्षेत बसण्याची जागा, असे म्हटले तर ते कठोर होईल. पण चूक होणार नाही.

मग या नोंदीला मूल्य आहे की नाही? सोस्यूरने चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगी नसून इतर चिन्हांशी असलेल्या भेदात असते असे प्रतिपादन केले. तो विचार येथे तंतोतंत लागू पडतो. सूचीत थोडेच नट असतील तर तीत असणे हा भेद आहे. सारेच असतील तर असण्याला मूल्य उरत नाही. मूल्य उरते ते नसण्याला, आणि तेही ऋण. स्पॉटलाइटची आजची स्थिती या दुसऱ्या प्रकारची आहे. तीत नाव असल्याने काम मिळते असे नव्हे. नाव नसेल तर कित्येक भूमिकांची वार्तादेखील नटापर्यंत पोहोचत नाही. अशा शुल्काला जाहिरातखर्च म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. ती पथपट्टी आहे. सूचीच्या बाजूने हे नमूद केलेच पाहिजे की ती कोणाचेही नाव केवळ पैशांसाठी घेत नाही. प्रशिक्षण वा व्यावसायिक काम यांचा दाखला मागते, आणि मिळालेल्या कामाच्या मोबदल्यात वाटा घेत नाही. मान्यवर नाट्यविद्यालयातून बाहेर पडलेल्या ब्रिटिश तरुणाने ही पथपट्टी भरावी, असेच आजच्या घडीला सांगावे लागेल. ती न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे.

नकारार्थी अशासाठी की याहून बरी व्यवस्था कल्पनेतली नाही, इतिहासातली आहे. हॉलिवुडमध्ये १९२० च्या सुमारास किरकोळ भूमिका करणाऱ्या इच्छुकांकडून पैसे उकळणाऱ्या संस्थांचे अमाप पीक आले होते. त्यावर उपाय म्हणून १९२५ च्या अखेरीस चित्रपटनिर्मात्यांनी ‘सेंट्रल कास्टिंग’ ही नोंदणीसंस्था काढली. तिचा खर्च निर्मात्यांनी सोसला, नटाकडून शुल्क घेतले जात नसे. ती संस्था निर्दोष होती असे नाही. किती इच्छुकांना परत पाठवावयाचे याचाही हिशेब तीच ठेवी. परंतु ज्याला मनुष्य हवा त्याने शोधाचा खर्च करावा, हे तत्त्व तिने व्यवहारात आणून दाखविले. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये केलेल्या क्रेकोरियन कायद्याची दिशाही काहीशी हीच आहे. सूचीसेवेला त्याने बंदी केली नाही. मात्र लेखी करार, तो रद्द करण्याचा हक्क आणि पन्नास हजार डॉलरांची हमी अशी बंधने घातली, आणि चाचणीसाठी पैसे घेणे निषिद्ध ठरविले. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या नगर-अभियोक्त्याने ५ कार्यशाळा व २५ व्यक्ती यांच्यावर याच कायद्याखाली आरोप ठेवले. ‘शिकवणी’ या नावाखाली तेथे पात्रनियोजकांपुढे उभे राहण्याची संधी विकली जाते, असा तो आरोप होता. येथेही वाद पुन्हा नावाचाच : शिकवणी की चाचणी?

मुंबईत स्पॉटलाइटसारखी सर्वमान्य सूची नाही, आणि म्हणून तेथील प्रश्न अधिक अवघड आहे. पथपट्टी घेणारा निदान रस्ता तरी दाखवितो; जेथे रस्ताच नाही तेथे नाका उभारून बसणारे पुष्कळ भेटतात. ‘नोंदणी’, ‘पोर्टफोलिओ’, ‘कोऑर्डिनेशन’ अशा शब्दांनी ही शुल्के मागितली जातात. त्यांपैकी ‘नोंदणी’ हा शब्द सर्वांत फसवा, कारण त्याला सरकारदरबारचा वास आहे. विवाहनोंदणी, दस्तनोंदणी, रोजगार-विनिमय केंद्रातील नोंदणी या प्रयोगांमुळे मराठी मनात नोंदणी म्हणजे हक्काची स्थापना असा अर्थ रुजला आहे. परगावाहून आलेल्या मुलाला पावती मिळाली की काहीतरी पदरी पडल्यासारखे वाटते. वस्तुतः त्या वहीला वाचक आहे की नाही एवढेच त्याने विचारावयास हवे, आणि तोच प्रश्न विचारणे त्याला अवघड जाते.

वाचक असलेल्या सूच्या महाराष्ट्रात आहेत. त्यांना सूची म्हटले जात नाही, इतकेच. पुण्यात १९६३ पासून चालू असलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा ही अशीच एक सूची आहे. कोणत्याही नटाला तेथे स्वतःच्या नावाची जागा विकत घ्यावी लागत नाही. तो महाविद्यालयाच्या संघातून येतो, आणि नाट्यव्यवसायातील माणसे त्याला बोलताना, चालताना, चुकताना पाहतात. तेथील नोंद क्रियापदांनी भरलेली असते. या सूचीची मर्यादाही उघड आहे : ज्याच्या महाविद्यालयात नाट्यसंघ नाही, किंवा जो महाविद्यालयापर्यंत पोहोचलाच नाही, त्याचे नाव तीत कोणत्याही किमतीला लागत नाही. पैसे घेऊन नोंदणी करणाऱ्यांची गिऱ्हाइके बहुधा याच मुलांतून येतात.