टाचण कधी बाजूला ठेवायचं?

गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. त्याचा आपण एक सोयीचा अर्थ काढून ठेवलाय, असं आम्हांला वाटतं: टाचण फेका, मुलांच्या कलानं घ्या. हा अर्थ अपुरा आहे.

पुस्तकात काय घडतं ते पाहू. लक्ष्मीशंकर शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतात. पहिल्या दिवसाची आखणी करून येतात, शांततेचा खेळ घेतात आणि वर्गात नुसता गोंधळ होतो. मुलांना घरी सोडावं लागतं. दुसऱ्या दिवशी ते गोष्ट सांगायला लागतात आणि मुलं ऐकायला बसतात. आखणी हरली, उत्स्फूर्तपणा जिंकला, असं आपण म्हणून मोकळे होतो. पण ज्याच्यापाशी गोष्टींचा साठा आहे, त्यालाच असा बेत बदलता येतो. कागदावरचा बेत मोडला, माणसाची तयारी मोडली नाही.

उलट टोकाला आपली पंचपदी. हर्बार्टच्या शिष्यांनी ती घोटून पक्की केली आणि आपल्या अध्यापक विद्यालयांनी तिचे रकाने पाडले. त्या टाचणात मुलांनी द्यायची उत्तरंसुद्धा आपणच आधी लिहून ठेवतो! मग वेगळं उत्तर आलं की ते चूकच वाटतं.

इथलंच उदाहरण घ्या. समजा, सहावीला नदीचा पाठ चाललाय. नदीचे उपयोग फळ्यावर लिहून होतायत, तेवढ्यात एक मुलगी विचारते, “बाई, २०२१ ला आमच्या घरात पाणी इतकं चढलं कसं?” चिपळूणच्या वर्गात हा प्रश्न विषयांतर कसा म्हणायचा? २२ जुलैचा तो पूर घराघरातून गेलाय. इथे टाचण मिटायलाच हवं. पण मिटल्यावर बाईंपाशी काय असेल? सह्याद्रीवरचा पाऊस, दाभोळच्या खाडीतून येणारी भरती, पात्रातला गाळ, कोयनेच्या वीजघरांतून वाशिष्ठीत येणारं पाणी, एवढं त्यांनी आधी समजून घेतलेलं असेल, तर त्या मुलीच्या प्रश्नातून अख्खा पाठ उभा राहील. नसेल, तर “ते नंतर बघू” म्हणावं लागेल. आणि ते ‘नंतर’ बहुधा येत नाही.

‘दिवास्वप्न’मध्ये एक उणीवही आहे, ती आदर ठेवून सांगायला हवी. लक्ष्मीशंकरांना एकच वर्ग आहे आणि पाठीशी समजूतदार अधिकारी आहे. आपल्या वाड्यांवरच्या द्विशिक्षकी शाळेत एकाच गुरुजींसमोर दोन-तीन इयत्ता बसतात. तिथे दुसरीला नेमकं काम दिल्याशिवाय चौथीच्या प्रश्नामागे जाता येत नाही. म्हणजे ऐनवेळच्या मोकळिकीसाठी आखणी जास्तच लागते. हा पेच पुस्तक सोडवत नाही. तो आपल्यालाच सोडवायचा आहे.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच की टाचण राहू द्या, पण त्यात अपेक्षित उत्तरं कमी आणि आपण काय वाचलं, काय पाहून आलो हे जास्त असू द्या. खाली थोडी जागा कोरी ठेवा. मुलांनी विचारलेलं, आपल्याला न आलेलं, त्याच संध्याकाळी तिथे लिहा. उद्याचा पाठ तिथून सुरू होईल. आणि टाचण तपासणाऱ्या साहेबांनी ती जागा आधी वाचावी, ही विनंती.

आता तुमचे अनुभव ऐकू.