पर्यायी इतिहासकथा आणि विशेषनामांची कसोटी

इतिहासात घडले त्याहून एखादी गोष्ट निराळी घडली असती तर पुढे काय झाले असते, या प्रश्नावर उभ्या राहणाऱ्या कथेला पर्यायी इतिहासकथा म्हणतात. तिची चर्चा बहुधा मूळ बदलापाशीच घोटाळत राहते. वास्तविक मूळ बदल मान्य करणे हे वाचकाचे सौजन्य होय. लेखकाची परीक्षा त्यापुढे सुरू होते. बदलाचे तरंग कोठवर पोचले आणि पोचावयास हवे असूनही कोठे पोचले नाहीत, हे पाहण्यास कथेतील भाषा, विशेषतः तिच्यातील विशेषनामे, हे उत्तम साधन आहे.

समाजातील काही गोष्टी रूढीच्या बळावर टिकतात. भाषा, शेती, व्यापाराचे मार्ग या त्यांपैकी होत. त्या सावकाश बदलतात. काही गोष्टी मात्र केवळ योगायोगाच्या असतात, आणि व्यक्तीचा जन्म हा त्यांतील सर्वांत नाजूक. रे ब्रॅडबरी यांच्या ‘ए साउंड ऑफ थंडर’ (1952) या कथेत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अरण्यात एक फुलपाखरू चिरडले जाते. प्रवासी परततात तेव्हा पाटीवरील इंग्रजीचे वर्णलेखन पालटलेले असते आणि निवडणुकीचा निकाल उलटलेला असतो. पण उमेदवार तेच असतात. वर्णलेखन पालटण्याइतका भाषेचा इतिहास निराळा झाला असेल, तर तीच माणसे जन्मास येणे संभवत नाही. ही कथा रूपक म्हणून प्रभावी आहे. संभाव्य इतिहास म्हणून ती टिकत नाही.

फिलिप के. डिक यांच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ (1962) या कादंबरीत हा तोल अधिक सांभाळलेला आढळतो. 15 फेब्रुवारी 1933 रोजी मायामी येथे रूझवेल्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्या प्रत्यक्षात चुकल्या. कादंबरीत रूझवेल्ट मारले जातात, आणि पुढे अमेरिका महायुद्ध हरते. जपानी वर्चस्वाखालील पश्चिम किनाऱ्यावरील अमेरिकनांची वाक्येही तुटक होतात, त्यांतील उपपदे गळतात. जेत्यांची प्रतिष्ठा जितांच्या वाक्यरचनेत उतरते, हे भाषासंपर्काच्या अभ्यासकास पटण्याजोगे आहे.

मराठी वाचकाला या प्रकाराचा जिव्हाळ्याचा नमुना म्हणजे जयंत नारळीकर (1938–2025) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. (येथील तपशील ‘द ॲडव्हेंचर’ या तिच्या इंग्रजी पाठातील आहेत.) 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी या कथेत चुकते आणि मराठे विजयी होतात. पुढे विश्वासराव पेशवेपदावर येतात ते 1780 मध्ये, हा तपशील मार्मिक आहे. प्रत्यक्षात नानासाहेब पेशवे पानिपतानंतर काही महिन्यांतच, जून 1761 मध्ये, निवर्तले. त्यांची प्रकृती आधीच खालावली होती असे मानले, तरी पुत्र आणि भाऊ यांच्या मृत्यूचा आघात टळताच पित्याचे आयुष्य वाढते, ही कल्पना बदलाचा तरंग रणांगणावरून एका घरात नेते. विनय गायतोंडे या मुलाचा शोध मुंबईतील कचेरीत घेणाऱ्या गंगाधरपंतांना त्या नावाचा कोणीही तेथे नाही असे कळते, तेव्हा हाच तरंग सव्वादोनशे वर्षे ओलांडून त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंत पोचतो.

परंतु विशेषनामांची कसोटी येथेच कठोर होते. या जगातील आगगाडीचे नाव ‘जिजामाता एक्स्प्रेस’ आहे. जिजामाता 1674 मध्ये निवर्तल्या. तेव्हा हे नाव बदलापूर्वीचे, म्हणून निर्दोष. गाडी पोचते ते स्थानक मात्र ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’. व्हिक्टोरियाचा जन्म पानिपतानंतर 58 वर्षांनी, 1819 मध्ये झाला, आणि तोही राजकन्या शार्लट 1817 मध्ये अकाली वारल्याने राजपुत्रांना वारसाची निकड भासली म्हणून. एवढी नाजूक साखळी हिंदुस्थानातील उलथापालथीनंतर अभंग राहिली, असे कथा न बोलता गृहीत धरते. त्याहून मोठी अडचण ग्रंथालयात येते. मुलगा सापडत नाही, पण गंगाधरपंतांनी स्वतः लिहिलेले इतिहासाचे पाच खंड मात्र मागताच मेजावर येतात!

हे केवळ अनवधान म्हणता येणार नाही. सर्वच नावे पालटली तर वाचकाला तुलनेस आधार उरत नाही. फरक जाणवण्यासाठी काही ओळखीचे राहावेच लागते. संभाव्यता आणि ओळख यांची ही ओढाताण या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशीच आहे. लेखकाने कोणती नावे राखली, यावरून त्याने कशासाठी तर्काला मुरड घातली ते कळते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. एका गोळीने पानिपत गेले असे म्हणणे सोपे आणि सांत्वन देणारे आहे. छावणीतील दोन महिन्यांहून अधिक काळची कोंडी, उपासमार आणि उत्तरेतील मित्रांचा अभाव यांची जबाबदारी त्या गोळीवर ढकलता येते. नारळीकरांची कथा या सांत्वनात रमत नाही. विजयी पानिपताच्या जगातही मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे उरलेले आहे, आणि आझाद मैदानावर व्याख्यान देऊ पाहणाऱ्या इतिहासकाराला श्रोते बोलू देत नाहीत. गोळी चुकविणे लेखकाच्या हाती असते. त्यानंतरचा समाज मनासारखा घडविणे नसते. हे ज्या कथेला उमगते, तीच इतिहासाविषयी काही सांगू शकते.