मराठीतील वाणीविज्ञान : संशोधन-प्रशिक्षणाची अवस्था

'जग' हा शब्द लेखनात एक, उच्चारात मात्र दोन आहेत. 'विश्व' या अर्थी त्यातील ज तालव्य, तर 'जगणे' या धातूच्या आज्ञार्थी रूपात तो दंततालव्य होतो. 'त्याचा' आणि 'त्याची' यांतील चकारही असेच भिन्न आहेत. हा भेद दर्शविण्याची सोय प्रचलित लेखनात नाही. मराठी भाषकास तिची गरजही भासत नाही. लिखित मजकूर वाचून दाखविणारे यंत्र मात्र तिच्यावाचून अडते. ही उणीव जाणणारा व भरून काढणारा अभ्यासक कोठे घडतो, असा शोध घेतला असता हाती फारसे काही लागत नाही.

भारतात वाणीविज्ञानाचे पद्धतशीर शिक्षण मुख्यतः तीन वाटांनी आले. पहिली वाट इंग्रजी अध्यापनाची. हैदराबाद येथे १९५८ साली स्थापन झालेल्या व २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थेत ध्वनिविज्ञान रुजले, ते प्रामुख्याने इंग्रजी उच्चारांच्या अध्यापनाच्या गरजेतून. दुसरी वाट वाचा-श्रवणदोषांच्या उपचाराची; म्हैसूर व मुंबई येथील संस्था या दृष्टीने सर्वपरिचित आहेत. तिसरी अभियांत्रिकीची. या वाटांवर मराठी भेटते ती बहुधा सामग्री म्हणून. मराठी विभागातून आलेला संशोधक तेथे विरळाच.

वास्तविक पूर्वपीठिका दुबळी नव्हती. १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरल्या. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व पदव्यवस्थेवर प्रबंध सादर केला. ना. गो. कालेलकरांनी मराठी वाचकासाठी ध्वनिविचार मांडला. पुढे मात्र मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत हा विषय बहुतांशी एका प्रश्नपत्रिकेतील एका घटकापुरता उरला. ओष्ठ्य, दंत्य, मूर्धन्य असे तक्ते पाठ होतात. ध्वनिमुद्रण कसे करावे, वर्णपट कसा वाचावा, हे शिकविले जात नाही. ऐकण्याचे शिक्षण नसलेले हे ध्वनिविज्ञान म्हणजे एक प्रकारे लेखनविज्ञानच होय.

अभियंत्यांची बाजूही विचारात घ्यावयास हवी. विपुल ध्वनिमुद्रणे उपलब्ध असल्यास आजची प्रतिमाने उच्चारकोशावाचूनही पुष्कळ भेद आपोआप आत्मसात करतात, असे त्यांचे म्हणणे असते आणि ते निराधार नाही. परंतु मुद्रणांचे लिप्यंतर माणसेच करतात. वऱ्हाडी वक्ता 'डोया' म्हणतो आणि लिप्यंतरकार सवयीने 'डोळा' लिहितो. यंत्राने दिलेला शब्द त्याच लेखनाशी ताडून पाहिला, तर त्याची अचूकता कागदावर निर्दोष दिसते; बोलीचा उच्चार मात्र नोंदीतून नाहीसा झालेला असतो. काही कामांना असे प्रमाणीकरण चालते, बोलीच्या संशोधनाला चालत नाही. 'अंत' व 'सिंह' यांतील अनुस्वारांचा भेदही असाच चिन्हाआड दडतो. २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या 'भाषिणी' उपक्रमास प्रारंभ झाल्यापासून भारतीय भाषांच्या वाणीसामग्रीची मागणी वाढली आहे. तिच्या संकलनात मराठी पदवीधराच्या वाट्याला लिप्यंतरकाराचे काम येते. कोणता भेद नोंदवावयाचा, हे ठरविण्याचे नाही.

संकेत-प्रक्रियेच्या कार्यशाळांत गणिताची तयारी गृहीत असते, आणि ते स्वाभाविकच आहे. अडचण प्राथमिक पायरीची आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी अध्यासनांना येथे एक विशेष संधी दिसते. तमिळच्या सहवासात शतकानुशतके बोलली गेलेली तंजावरची मराठी पुण्याच्या चर्चाविश्वात परिघावर राहते. अशा अध्यासनांना ती आपला मुख्य विषय करता येईल. त्यासाठी मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. ॲमस्टरडॅम येथे बोएर्स्मा व वेनिंक यांनी विकसित केलेली 'प्रात' ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. शांत खोली, बरा ध्वनिग्राहक आणि काही आठवड्यांचा सराव एवढ्यावर दंततालव्य चकाराच्या घर्षणाची ऊर्जा तालव्य चकाराच्या मानाने अधिक उच्च वारंवारतेकडे कशी सरकते, हे विद्यार्थ्यास पडद्यावर प्रत्यक्ष पाहता येते.